आमच्या घरच्या संगणकाची गोष्ट

हा लेख आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. यातले अर्धे एकाला आठवते, अर्धे दुसरीला. आमच्यापैकी एक जण अमरावती रोडवरच्या एका ट्रान्स्पोर्टच्या गोदामात बिल्ट्या लिहितो आणि दुसरी घरी शिलाई मशीनवर ब्लाऊज, फ्रॉक, शाळेचे ड्रेस शिवते. संगणकाचे रीतसर शिक्षण आम्हा दोघांचेही नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या घरात जे घडले, ते ज्यांच्या घरी जुना संगणक आहे आणि त्यात म्हाताऱ्या माणसांनी काही लिहून ठेवलेले आहे, त्यांना उपयोगी पडेल असे वाटले.

संगणक आमचा जुनाच. २०१२ सालचा. गोदामात नवी यंत्रे आली तेव्हा मालकांनी जुनी स्वस्तात काढली, त्यातला एक आम्ही घेतला. त्यात विंडोज होते. पुढेपुढे ते इतके रेंगाळू लागले की बटण दाबून भाजीला फोडणी द्यावी, भाजी शिजावी आणि मग पडदा उजळावा. २०२२ मध्ये आमचा भाचा आला. तो इंजिनीअरिंगला होता. "मामी, हा फेकू नका," म्हणाला आणि त्याने त्यात लिनक्स मिंट टाकून दिले. तोच संगणक धावायला लागला.

लिनक्स म्हणजे काय, हे वस्तीतले लोक आम्हाला अजून विचारतात. संगणकाला काम करायला लावणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचे काम जाहीर केले होते. त्यांचे म्हणणे असे, की संगणकाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो आतून वाचता आला पाहिजे, आपल्या गरजेप्रमाणे बदलता आला पाहिजे आणि शेजाऱ्याला देता आला पाहिजे; मात्र देताना हीच मुभा त्यालाही द्यायची. लिनक्सही पुढे याच अटीवर देण्यात आले. त्यावर जगभरच्या लोकांनी निरनिराळ्या मांडण्या उभ्या केल्या. मिंट ही त्यातली एक, २००६ पासूनची, लोकांच्या देणग्यांवर चालणारी. तिचे पैसे पडत नाहीत, पण आमच्या मते फुकटपणा ही त्यातली लहान गोष्ट आहे. 'हे तुमच्यासाठी नाही' असे कोणी म्हणत नाही, ही मोठी.

असो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पडद्यावर सूचना आली, की आमची २०.३ ही आवृत्ती आता आधाराबाहेर गेली. म्हणजे संगणक चालत राहील, पण नव्या चोरवाटा बुजवणारी दुरुस्ती येणार नाही. घरातून बँकेचे, शिष्यवृत्तीचे, रेशनचे अर्ज भरतो तेव्हा हे चालण्यासारखे नव्हते. आमच्या मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. ती म्हणाली, "मी करते." भाचा पुण्याला नोकरीला, तो फोनवरून सांगणार. दोन मार्ग होते. एक, आहे त्यावरच पायरीपायरीने चढायचे, वीसवरून एकवीस, एकवीसवरून बावीस. दुसरा, सगळे नव्याने बसवायचे. पहिल्यात वेळ फार आणि डिस्क जुनी होऊन कुरकुरत होती. म्हणून दुसरा धरला. एका रविवारी सीताबर्डीला जाऊन दीड हजाराच्या आसपास एक एसएसडी आणली. ही फिरणारे भाग नसलेली डिस्क असते, आणि जुन्या संगणकाला ती लावली की त्याचे वय निम्मे होते. नवा संगणक घ्यायचा तर चाळीस हजाराच्या खाली गोष्ट नव्हती, आणि ते पैसे अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला होते.

मे महिन्यातली वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. दिवसा पत्रा तापतो, ट्रकांची धूळ घरात येते, कूलर पाण्यापेक्षा आवाजच जास्त देतो. म्हणून सगळे काम रात्री. फोनचा हॉटस्पॉट लावून तीनएक जीबीची फाईल रात्रभर उतरवली. मुलीने ती पूर्ण आणि जशीच्या तशी उतरली की नाही, हे आकड्यांच्या एका लांबलचक ओळीशी ताडून पाहिले. मग पेनड्राईव्हवर चढवली. लिनक्सची ही सोय आम्हाला फार आवडते, की डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राईव्हवरून चालवून बघता येते. साडी घेण्याआधी खांद्यावर टाकून बघावी तसे. आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, इंटरनेट लागते का, सगळे पाहिले. मग मुलीने होम फोल्डरमधल्या सगळ्या वस्तू निवडून दुसऱ्या पेनड्राईव्हवर घेतल्या, जुनी डिस्क काढली, ती सुती कापडात गुंडाळून शिलाईच्या डब्यात ठेवली आणि नवी लावली. पुढच्या रविवारी जुनी डिस्क पुसून तिचा साठवणीला उपयोग करायचा, असेही ठरले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

बसवायला अर्धा तास लागला नाही. आवृत्ती २२.१, जानेवारी २०२५ मध्ये आलेली. २०२९ पर्यंत तिला दुरुस्ती मिळणार आहे. मिंटवाले आपल्या प्रत्येक आवृत्तीला बाईचे नाव देतात आणि ते नाव इंग्रजीत 'ए' या अक्षराने संपते. पहिली होती एडा. आमची होती झिया. हे आईंना सांगितले. आई म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "मंग त्याईनं रमा काऊन नाई ठेवलं?" खरेच आहे. रमाही 'ए'नेच संपते. पण 'आर'ची पाळी २०१४-१५ मध्येच रिबेका, राफाएला आणि रोझा यांना जाऊन गेली होती. आईंना ते काही पटले नाही.

मग सुरू झाली सजावट. मिंटमध्ये तीन मांडण्या मिळतात. त्यातली हलकी, एक्सएफसीई नावाची, आम्ही घेतली, कारण आमच्या संगणकात चारच जीबी रॅम आहे. घरात चार माणसे, चौघांची चार खाती केली. आधी एकच होते, आणि त्यावरून भांडणे होती. बिल्टीवाल्याला खालची पट्टी विंडोजसारखीच पाहिजे, शिवणारीला ती बाजूला पाहिजे. रात्री मशीनवरून उठून डिझाईन बघायला बसले की पांढरा पडदा डोळ्यात घुसतो, म्हणून तिला सगळे काळसर पाहिजे. आता ज्याचे त्याला. मुलीने आठवडाभर रोज वॉलपेपर बदलला. शिवणारीने गिऱ्हाइकांच्या मापांची वही लिबरऑफिसच्या तक्त्यात उतरवली आणि तिचे चित्र पडद्यावर अगदी मधोमध ठेवले. लग्नसराईत वही शोधण्यात जो वेळ जायचा तो वाचला.

आईंचे खाते लावायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. त्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या, पण वाचनाची सवय बाबांनी लावली. त्यांच्यासाठी अक्षरांचा आकार वाढवला. दिसण्याच्या सेटिंगमध्ये डीपीआय म्हणून एक आकडा असतो, तो ९६ असतो, तो १२० केला की मेनूपासून खिडकीच्या नावापर्यंत सगळेच मोठे होते. बाण मोठा केला. पडद्यावर चारच चित्रे ठेवली: वर्तमानपत्र, गाणी, फोटो आणि बाबांची फाईल. भाषा मराठी केली. यात एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाषा मराठी केली तरी सगळे मराठी होत नाही. काही शब्द मराठी, काही इंग्रजीच. हे भाषांतर जगभरचे स्वयंसेवक करतात, आणि मराठीत करणारे हात कमी असावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला, पण पडद्यावरचा मेनू कोणीतरी बसून लिहिल्याशिवाय मराठी होणार नाही. आमच्या मुलीने नाव नोंदवून काही ओळी पाठवल्या. तेव्हा घरात वाद झाले. 'अपडेट'ला 'अद्ययावत करा' असे ती म्हणे. आई म्हणाल्या, "ताजं करा म्हण ना व. अद्ययावत म्हंजे काय, मले तर बोलताबी येत नाई."

ही हौस चालू असतानाच आईंनी चौथे चित्र दाबले.

त्या फाईलबद्दल आधी सांगायला पाहिजे. आमचे बाबा आयुध निर्माणीत कामगार होते. १९९५ मध्ये वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन आले. नागपूरच्या एका वस्तीचे ते जगणे वाचून बाबांनी मनात घेतले, की आपल्या वस्तीतल्या वाचनालयाचेही कोणीतरी लिहिले पाहिजे. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. सत्तरच्या दशकात एका कुडाच्या खोलीत एक कपाट आणि कंदील घेऊन ते वाचनालय सुरू झाले होते. पुस्तके कशी जमवली, वर्गणी कोणी दिली, कोणती मुले तिथे वाचून पुढे गेली, असे सगळे. मराठी टायपिंग ते तरुणपणी शिकलेले. एका डीटीपीच्या दुकानात बसून त्यांनी २००४ मध्ये बासष्ट पाने टाईप केली. छापायचे राहून गेले. हस्तलिखित वह्या पावसात गेल्या. बाबा २०१९ मध्ये गेले. उरली ती ही फाईल. वर्षातून एकदा, त्यांच्या स्मृतिदिनी, आम्ही ती उघडून दोन पाने वाचतो.

आईंनी ती उघडली तर पडद्यावर मराठीचा एक शब्द नाही. इंग्रजी अक्षरे, अर्धविराम, कंस, उद्गारचिन्हे यांची खिचडी. बासष्टच्या बासष्ट पाने तशीच. आई काही बोलल्या नाहीत. मोठ्या केलेल्या त्या अक्षरांकडे थोडा वेळ पाहिले आणि उठून बाहेर खाटेवर जाऊन बसल्या. मुलगी रडायला लागली. "मीच घालवलं," एवढेच म्हणत होती. आम्हा दोघांनाही त्या रात्री जेवण गेले नाही.

भाच्याने फोनवर समजावले तेव्हा कळले, की घालवले कोणीच नव्हते. त्या काळचे मराठी टायपिंग खरे म्हणजे मराठी नव्हतेच. फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवलेले असत आणि वरून फॉन्टचा सदरा घातलेला असे. त्या सदऱ्यावर इंग्रजी 'डी'च्या जागी 'क' काढलेला, कशाच्या जागी वेलांटी. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते, फॉन्ट गेला की आतला इंग्रजी उघडा पडतो. त्यातही दर कंपनीच्या सदऱ्याची शिवण वेगळी. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा भाग दिला, त्यात 'क' हा जगात कुठेही 'क'च. पण २००४ मध्ये आपल्याकडची डीटीपीची दुकाने जुन्याच फॉन्टवर चालत होती. बाबांचा काय दोष.

फॉन्टचे नाव फाईलमध्ये दिसत होते. त्या नावाचा एक फॉन्ट इंटरनेटवर मिळाला, तो घातला, तर अर्धी अक्षरे बरोबर आणि अर्धी भलतीच. 'वाचनालय' ठीक, पण 'पुस्तक' ओळखू येईना. ज्या दुकानातून आला ते दुकान बंद होऊन दहा वर्षे झालेली. मग भाच्याने विचारले, "जुना फॉन्ट कुठे ठेवला होता मी, बघितलं का? होममध्ये." मुलगी म्हणाली, होममधले सगळे घेतले, पेनड्राईव्हवर आहे, त्यात फॉन्ट नाही. तो थांबला. मग म्हणाला, "कंट्रोल आणि एच दाबलं होतं का?"

लिनक्समध्ये ज्या फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते तो लपलेला असतो. सेटिंग, फॉन्ट, असल्या गोष्टी त्यात राहतात, रोज डोळ्यापुढे नकोत म्हणून. कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की ते दिसतात. 'सगळे निवडा' म्हटल्यावर जे दिसते तेवढेच निवडले जाते. आमच्या मुलीने दिसते ते सगळे घेतले होते, न दिसणारे मागे राहिले होते.

तो दिवस शनिवार होता. शिलाईच्या डब्यातली डिस्क दुसऱ्या दिवशी पुसायची ठरली होती.

रात्रीच संगणकाचे झाकण उघडले, जुनी डिस्क शेजारी जोडली. मुलीने बटणे दाबली. टिंबाच्या नावांची रांग उभी राहिली, आणि त्यात फॉन्टचा फोल्डर. आत एकच फाईल. ती नव्या डिस्कवर नेऊन ठेवली, बाबांची फाईल बंद करून पुन्हा उघडली. पहिल्या पानावर बाबांचे नाव दिसले. आईंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा लावला, पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "हं. हेच हाय."

पण भीती बसली ती बसलीच. एका फॉन्टच्या आधारावर बासष्ट पाने किती दिवस टांगून ठेवायची? म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचे ठरवले. मुलीने दोन रकान्यांची यादी केली, कोणत्या चिन्हाच्या जागी कोणते अक्षर. दीडशेच्या वर ओळी झाल्या. भाच्याने पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहून पाठवला. मिंटमध्ये पायथन आधीपासून असतेच. प्रोग्रॅम चालला, पण निघाले ते गमतीदार. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप करत, युनिकोडमध्ये ती नंतर येते, त्यामुळे 'विहार'ची वेलांटी लोंबकळत राहिली. रफार एक अक्षर पुढे जाऊन बसला. 'दुसऱ्या' आणि 'बऱ्याच' यांचे तर काही विचारू नका. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत होते. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवली तेव्हा मराठी वळणाचे झाले. बाकीचे ओळीओळीने वाचूनच दुरुस्त करावे लागणार होते.

तेव्हापासून जून अर्धा होईपर्यंत रोज रात्री जेवणे आटोपली की आई वाचत, मुलगी इनस्क्रिप्टवर दुरुस्त करी, आणि आम्ही दोघे ऐकत बसू. आजवर वर्षातून दोन पाने वाचणाऱ्या आम्ही पहिल्यांदाच सगळे वाचले. काही नावे आईंनी सुधारली. एकविसाव्या पानावर बाबांनी लिहिले होते, की रात्री कंदिलाच्या उजेडात दहा वाजेपर्यंत वाचन चाले. आई थांबल्या.

"कंदिलात रॉकेल कोनाचं होतं, हे त्याईनं नाई लिवलं."

"कोणाचं होतं, आजी?"

रेशनचे रॉकेल. घरोघरी मोजून मिळणारे. नऊ घरच्या बायका पाळीने रोज एक वाटी रॉकेल आपल्या चुलीच्या आणि दिव्याच्या वाट्यातून काढून वाचनालयात नेऊन देत. ज्या दिवशी आपली पाळी, त्या दिवशी घरी अंधारात जेवायचे. त्यांच्यापैकी बहुतेकींना वाचता येत नव्हते. वर्गणीदारांच्या यादीत त्यांची नावे नाहीत, कारण रॉकेलची पावती कोण फाडणार?

बाबांच्या मजकुराला हात लावायचा नाही, यावर आमचे एकमत होते. मुलीने पानाखाली रेघ ओढून तळटीप केली आणि आईंनी नावे सांगितली. एकेक आठवायला वेळ लागला. एका नावासाठी दोन दिवस थांबलो, शेवटी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारून आलो. नववे नाव आईंचे स्वतःचे होते. ते त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितले.

फाईल आता चौसष्ट पानांची झाली आहे. ती घरच्या संगणकावर आहे, भाच्याकडे आहे, पेनड्राईव्हवर आहे, आणि वाचनालयात तिची एक झेरॉक्स ठेवली आहे.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, तो आमच्या भागातल्या बहुतेक घरी नाही. दिवाळीनंतर मागच्या गल्लीतले एक काका आपला संगणक रिक्षात घालून घेऊन आले. "बेटा, तुमच्यासारखं करून दे. नवा घ्यायचं म्हनते पोरगा, पैसे कोठून आनू?" आमच्या मुलीने पेनड्राईव्ह काढला, पण लावला नाही.

"काका, यात जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायली आहेत का?"

"असतीन ना. आमच्या समितीचे जुने अर्ज हायेत, माह्या बहिनीच्या कविता हायेत."

"मग आधी फॉन्ट काढून घेऊ," ती म्हणाली. चहा होईपर्यंत काकांच्या विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर पेनड्राईव्हवर उतरतही होता.